फुटबॉलची उचल

सिरसाळ्याच्या झेरॉक्सवाल्यानं त्या अकरा पानांचे पैसे घेतले नाहीत. "आपल्या भागातली पोरगी फुटबॉलला चालली, तिच्या कागदाचे कसले पैसे घ्यायचे सर," म्हणाला. त्या सगळ्या प्रकरणात कुणी उपयोगाचं काही फुकट दिलं, ते एवढंच.

मला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी विषयाला होतो. शिकवलं असं म्हणवत नाही, पास केलं. पास केलेल्यांत ती मुलगीही होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसऱ्यानंतर ट्रक भरला की थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पोरगी मागे गावातल्या हंगामी वसतिगृहात. तिथं कुठल्याशा योजनेतून क्रीडा साहित्याचं एक खोकं आलं होतं. त्यात जाळी होती पण खांब नव्हते, शिट्टी होती पण शिक्षक नव्हता, आणि एक हवा गेलेला फुटबॉल होता. वसतिगृहाच्या बाईंनी तो पंक्चरच्या दुकानात नेऊन फुगवून आणला. या जिल्ह्यातल्या क्रीडाविकासाचा इतिहास मला माहीत आहे तो इथपर्यंत. पुढचं सगळं त्या मुलीनं स्वतः केलं. डाव्या पायानं खेळायची. जिल्ह्याच्या संघात गेली, मग राज्याच्या शिबिरात, आणि विसाव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबनं तिला करारपत्र पाठवलं. अकरा पानं, इंग्रजीत, मोबाइलवर.

गौरी-गणपती नुकतेच झाले होते. दुपारी चारच्या सुमाराला ती, तिचे आईवडील आणि त्यांचा मुकादम असे चौघं माझ्या ओसरीवर येऊन बसले. मुकादम म्हणजे कारखान्याकडून पैसे उचलून मजुरांना वाटणारा आणि हंगामभर त्यांच्याकडून ऊस तोडून घेणारा माणूस. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण कराराचा कागद आहे म्हटल्यावर तो आला. त्या विषयातला जाणकार तोच होता.

बापानं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, ह्याच्यात उचल हाय का?"

उचल म्हणजे हंगामाआधी हातात मिळणारी रक्कम. ती घेतली की माणूस त्या मुकादमाचा. तोड करून ती फेडायची. हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामात फेडायची. आजारी पडलात, हात कापला, बाळंतपण आलं, तरी उचल जागची हलत नाही. कागदावर हे कुठं लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच नसते.

करारात सही करताना एक ठोक रक्कम मिळेल असं होतं. दरमहा पगार वेगळा. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "आहे की. ही समजा उचलच."

मला हे फार छान सुचलं असं वाटलं होतं. अवघड गोष्ट ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरवून सांगावी, असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो.

"मग ठीकंय," मुकादम म्हणाला. "उचल म्हणलं की फेडणं आलं. पोरगी सरळ हाय, फेडीन."

आम्ही सगळे हसलो. मीही. त्याच क्षणी मला 'तसं नाही' म्हणता आलं असतं. पण चहा आला.

बापाला दुसरी शंका होती. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्याला उचलही अर्धी. तो म्हणाला, "ही एकलीच हाय सर. तरी पुरा कोयता धरला का तिचा?"

"पुरा," मी म्हणालो.

आई तोवर तोंडाला पदर लावून बसली होती. ती हसली. "ऐकलं का वो," नवऱ्याला म्हणाली, "माझा अर्धा जलम तुमच्या जोडीला गेला. ही बगा एकलीच पुरी."

मग मी पानं उलटू लागलो आणि बोलू लागलो. पानं कमी उलटली, बोललो जास्त. तेव्हा मी फुटबॉलच्या अर्थकारणावर बरंच वाचत होतो. परदेशातल्या लीग कशा वाढल्या, प्रक्षेपणाचे हक्क कसे विकले जातात, क्लब कसे कंपन्यांसारखे विकत घेतले जातात. खेळाडूंच्या संघटना मालकांसमोर बसून करार कसे करतात, एकूण उत्पन्नातला आपला वाटा कसा लिहून घेतात, आणि तो मिळाला नाही तर मैदानात उतरायला नकार कसा देतात. मी हे सगळं त्या चौघांना सांगितलं. मुकादमाला त्यातला नकाराचा भाग आवडला नाही. "आसं मधीच काम बंद पाडलं तर उचल कोन फेडीन बे?" असं त्यानं बापालाच विचारलं, जणू बाप परदेशात संप करून आला होता.

सातव्या पानावर मी होतो तेव्हा आईनं विचारलं, "आन पाय मोडला तर?"

त्या दुपारी विचारला गेलेला एकमेव कामाचा प्रश्न तो होता. त्याचं उत्तर त्याच पानावर, नवव्या कलमात होतं. माझं बोट त्या ओळीपासून चार बोटं वर होतं.

"शुभ काम चाललंय, वंगाळ कावून बोलतीस गं वहिनी?" मुकादम तिच्यावर डाफरला.

मी काय केलं ते स्वच्छ आठवतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, थोडंसं मोठेपणानं, आणि म्हणालो, "तसलं काही होत नाही ताई. आणि पुढची सगळी कायद्याची भाषा आहे, नेहमीची असते." मग सगळी पानं मागून पुढे सारखी करून पोरीच्या हातात दिली. तिनं माझ्याच पेनानं सह्या केल्या.

सही झाल्याच्या आठव्या दिवशी सत्कार ठेवला. आमच्या भागात माणूस काहीतरी करतो तेव्हा त्याला मदत मिळत नाही. करून झालं की सत्कार मिळतो. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मुलीचा फोटो पासपोर्टाएवढा आणि आमच्या युवा नेत्याचा पुरुषभर उंच. नेत्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोबाइल, आणि पायाशी कुणीतरी संगणकावर चिकटवलेला फुटबॉल. जेसीबीच्या तोंडातून झेंडूची फुलं उधळली. मुलगी खाली उभी होती. तिच्या डोक्यावर फुलं कमी आणि आदल्या दिवशी उपसलेल्या मुरमाची माती जास्त पडली.

नेता बोलला. ऊसतोडीचा दर ठरवायच्या बैठकीला तो मजुरांच्या बाजूनं बसतो. त्याच्या चुलत्याचा कारखाना आहे, त्यामुळे जेवायला मालकांच्या बाजूला असतो. तो म्हणाला, "आता फुटबॉलमध्येबी पैसा आलाय. आपली लेक उद्या कोटीला जाईल कोटीला!" आमच्या बैलबाजारात खोंडाबद्दल असंच बोलतात. टाळ्या पडल्या. मग मला बोलायला लावलं. या उथळ समारंभात दोन शहाणपणाचे शब्द पडावेत म्हणून मी खेळाडूंच्या सामूहिक करारांवर बारा मिनिटं बोललो. मलाही टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ आणि टोपी मिळाली. घरी येऊन मी बायकोला नेत्याच्या भाषणाची नक्कल करून दाखवली. माझ्या भाषणाची नक्कल करणारं कुणी नव्हतं.

ठोक रक्कम आली. त्यातून मुलीचे बूट, पायमोजे आणि प्रवास झाला. उरलेली बापानं मुकादमाच्या हातावर ठेवली आणि मागच्या हंगामाची बाकी मिटवली. त्या साली दसऱ्यानंतर ट्रक गेले, त्यांत ते दोघं नव्हते. दिवाळीला आई मला भेटली तेव्हा म्हणाली, "लई सालांनी घरचा दिवा लावला सर." मला फार बरं वाटलं. त्या दिव्यात आपलंही थोडं तेल आहे, असं वाटलं.

लीग सुरू झाली. सामने मोबाइलवर दिसायचे. स्टँड रिकामा असायचा, पण मैदानाभोवती पायलीचे पन्नास जाहिरातदार. निवेदक दर दहा मिनिटांनी महिला फुटबॉलच्या झेपेबद्दल बोलायचा. ती डाव्या बाजूला मागे खेळायची. पडद्यावर नखाएवढी दिसायची. तिसऱ्या की चौथ्या सामन्यात ती वळताना पडली आणि उठलीच नाही. दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर नेलं. प्रक्षेपण तेवढ्यात जाहिरातीवर गेलं.

त्याच आठवड्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला गेलो. एका डोळ्याचे दोन झाले, संसर्ग झाला, मुक्काम वाढला. संक्रांत होऊन गेल्यावर परत आलो. एका सकाळी ती आली. उजव्या हातात काठी होती. ओसरीची एक पायरी चढायला तिला दोन वेळा थांबावं लागलं.

"गुडघ्याचा लिगामेंट गेलाय सर," ती म्हणाली. "ऑपरेशन करावं लागतंय."

"क्लब करेल ना."

"क्लब सुटला. आम्ही उचल परत केली."

मी तिला बसायला सांगितलं आणि मग पुन्हा सांगायला सांगितलं.

झालं ते असं. क्लबच्या व्यवस्थापकानं तिला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं, पुढचं कळवतो म्हणाला. महिनाभर काही कळवलं नाही. इकडे बापाला झोप लागेना. पोरगी काम करत नाही आणि उचल अंगावर बसलीय, एवढंच त्याला समजत होतं. उद्या क्लबची माणसं गाडी घेऊन दारात येतील, पोरीला उचलून नेतील, अशी भीती. आमच्याकडे ही भीती उगाच नसते. गाडी घेऊन आलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. बाप मुकादमाकडे गेला. हंगाम अर्धा सरला होता, टोळीत दोन कोयते कमी पडत होते. मुकादमानं त्या दोघांच्या नावावर नवी उचल दिली. बापानं पोरीकडून क्लबला इंग्रजीत निरोप लिहून घेतला की आम्ही तुमची सगळी रक्कम परत करतो, आम्हाला मोकळं करा.

"क्लबचं काय उत्तर आलं?" मी विचारलं.

"खाते नंबर पाठवला."

प्रवासाचे पैसे द्यायला पाच आठवडे लावणाऱ्या क्लबनं खाते नंबर पाव तासात पाठवला होता. पैसे पोचल्यावर एक पानाचा कागद आला. दोन्ही बाजूंच्या संमतीनं करार संपला, कुणाचं कुणाकडे काही येणं-देणं नाही. तिनं मोबाइलवरच संमती दिली. चौथ्या दिवशी आईबाप कोल्हापूरकडच्या ट्रकात बसले.

"अगं पण तू वाचलं नाहीस का?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. "बारावीला इंग्रजी होतं ना तुला?"

ती म्हणाली, "तुमीच वाचलं होतं ना सर. तुमीच म्हणालात, ही उचलच समजा."

तिच्याकडे मूळ करार होता, त्याच झेरॉक्सच्या प्लास्टिक पिशवीत. मी सातवं पान काढलं. नवा डोळा चांगला होता, अक्षरं ठसठशीत दिसली. खेळताना दुखापत झाल्यास उपचारांचा संपूर्ण खर्च क्लबकडे. कराराची मुदत संपेपर्यंत पगार चालू. सहीच्या वेळी दिलेली रक्कम कोणत्याही दुखापतीच्या कारणानं परत मागता येणार नाही. तीन वाक्यं होती. भाषा कायद्याची वगैरे काही नव्हती. माझ्या बारावीच्या वर्गातल्या मधल्या बाकावरच्या मुलाला कळली असती.

मी तिला वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं. ती रडली नाही. पान हातात घेऊन स्वतः वाचलं, ओठ हलवत, शब्दाशब्दावर थांबत. मग विचारलं, "हे तवाबी इथंच होतं?"

"होतं."

पुढचे काही आठवडे मी पत्रं लिहिली. इतकं चांगलं इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नसेल. क्लबचं उत्तर सभ्य होतं: करार परस्परसंमतीनं संपलेला आहे, खेळाडूला पुढील वाटचालीसाठी हार्दिक शुभेच्छा. खेळाडूंच्या संघटनेचं उत्तरही सभ्य होतं: संबंधित खेळाडू सभासद नाही, सोबत सभासदत्वाचा अर्ज जोडला आहे. परळीच्या एका वकिलानं दोन्ही कागद वाचले आणि फी घेतली नाही, त्यावरून मी काय ते समजलो. त्याच सुमाराला पेपरात बातमी होती की लीगला नवा मुख्य प्रायोजक मिळाला असून स्पर्धेचं मूल्य भराभर वाढतंय. फोटोत सूट घातलेली सहा माणसं एक मोठा प्लास्टिकचा चेक धरून उभी होती. खेळाडू त्यात एकही नव्हती. मी ती बातमी कापून ठेवली. अशा बातम्या कापून ठेवणं हाच तोवर माझा व्यवसाय होता.

डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं की फार उशीर झाला तर चालता येईल, पण खेळायचं विसरावं लागेल. मी बापाला फोनवर सांगायचं ठरवलं, दोनदा लावला आणि दोनदा तब्येतीची विचारपूस करून ठेवून दिला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "काळजी करू नका सर. उचल बुडवली आसं कुनी म्हनू न्हाई, तेवढं केलं आमी." त्याच्या आवाजात अभिमान होता. मग फोनवर जमणार नाही हे कळलं.

एसटीनं गेलो. दोन गाड्या बदलून, शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून फडात पोचलो. दुपारची वेळ होती. बाप ऊस तोडत होता, आई मागून मोळ्या बांधत होती. मला बघून दोघं थांबले. बापानं घाईनं पाचटाचा ढीग सारखा करून त्यावर आपलं उपरणं टाकलं, मला बसायला.

मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. पैसे परत द्यायचे नव्हते. ऑपरेशनचा खर्च क्लबचा होता. कागदात लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही आणि तुम्हाला उलटं सांगितलं.

बाप कोयत्याच्या मुठीवरची माती नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "न्हाई सर. तुमी कशाला उलटं सांगताल. त्या लोकांनीच काहीतरी फिरवलं आसंल."

मी आयुष्यात आदर पुष्कळ घेतला, पण असा जड कधी लागला नव्हता. "फिरवलं नाही," मी म्हणालो. "तेव्हापासून तसंच आहे. सातव्या पानावर."

"मी इचारलं व्हतं," आई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही. शेजारच्या सरीतल्या बाईला ऐकूही गेलं नसेल. "पाय मोडला तर, म्हनून मी इचारलं व्हतं. ह्यो मुकादम माझ्यावर खेकसला. आन तुमी हसल्यावानी मान हलवली."

"हो," मी म्हणालो.

मी पाकीट काढलं. ऑपरेशनचे पैसे बँकेतून काढून आणले होते. बापानं दोन्ही हात मागे घेतले. "न्हाई न्हाई सर. एक उचल हाय डोक्यावर. तुमची आनिक कशानं फेडू?"

"ही उचल नाही," मी म्हणालो, आणि म्हणताना लक्षात आलं की माझ्या तोंडून हे वाक्य यायला सहा महिने उशीर झाला होता.

तो ऐकेना. तेव्हा आई पुढे आली. हाताला उसाचा रस लागला होता, तो तिनं लुगड्याला पुसला आणि पाकीट घेतलं. "द्या हिकडं," ती म्हणाली. नवऱ्याकडे वळली, "फेडायचं न्हाई ह्ये. आपुन काय मागाया गेलतो का? ह्ये त्यांच्याकडून आपलं येनं हाय." मग पाकीट कमरेला खोचून ती परत मोळीकडे गेली. मला कुणी चहा विचारला नाही.

ऑपरेशन लातूरला झालं. डॉक्टर म्हणाले, झालं ते बरं झालं, लवकर झालं असतं तर अधिक बरं. वर्षभरात ती नीट चालू लागली, मग सावकाश पळूही लागली. पण वळताना गुडघा धरतो. मागे खेळणाऱ्याला तर सारखं वळावंच लागतं. तिनं क्लबला पुन्हा विचारून पाहिलं. शुभेच्छा आल्या. आईबापांची ती नवी उचल पहिल्या हंगामात फिटली नाही, दुसऱ्यात निम्मी झाली. बाप मला अजून वाकून नमस्कार करतो. आई करत नाही. मला तिचं न करणं जास्त सोसतं.

चौकातला फ्लेक्स बरेच दिवस होता. उन्हानं मुलीचा चेहरा आधी उडाला, नेत्याचा चष्मा शेवटपर्यंत टिकला. पुढे कुणीतरी तो काढून नेला आणि कडब्याच्या गंजीवर उलटा अंथरला.

या भाद्रपदात ती पुन्हा आली. धर्मापुरीच्या बाजूला मुलींसाठी फुटबॉलचं केंद्र निघतंय, तिथं प्रशिक्षक म्हणून तिला बोलावलं होतं. एका पानाचा करार, या वेळी मराठीत. मी चष्म्यासाठी खिशात हात घातला तर ती म्हणाली, "वाचायला नाही आणला सर. वाचलाय मी. पेन द्या फक्त."

कागद तिनं माझ्या टेबलावर ठेवला. मानधन, वेळ, गणवेश, उद्घाटनाला हजर राहणं बंधनकारक, पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलींची रांग लावणं बंधनकारक. ती म्हणाली, "पाय मोडला तर काय, ते ह्याच्यात कुठंच नाही. माझाबी नाही, पोरींचाबी नाही."

मी पूर्ण पान वाचलं, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "नाही," मी म्हणालो.

तिनं माझं पेन घेतलं, सहीच्या जागेच्या वर, अरुंद जागेत, स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली: खेळताना किंवा शिकवताना कुणालाही इजा झाली तर उपचार केंद्रानं करावा आणि मानधन थांबवू नये. सही केली नाही. त्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. "हे मान्य केलं तर सही करीन," म्हणाली.

"नाही केलं तर?"

"मग आईनं ट्रकात जागा धरलीय. खाली बसून तोडणं जमायचं नाही मला, पण फडाजवळच्या कोपीत राहून भाकरी करायला माणूस लागतंच."

त्याला तीन आठवडे झाले. केंद्राचं उद्घाटन ठरलंय, नेत्याचा नवा फ्लेक्स लागलाय, भाषणासाठी मला निरोप आला होता, मी नाही म्हणून कळवलंय. तिच्या ओळीला उत्तर आलेलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक भरायला सुरुवात होईल.